सदाशिवची पट्टी

मुलांना शाळेत उतरवलं की सदाशिव रिकामी बस गावच्या तळीच्या काठाशी उभी करायचा, काचा वर करायचा आणि जत्रेच्या नाटकातलं आपलं पद म्हणून बघायचा. राजाची भूमिका सव्वीस वर्षं त्याचीच. पण या पावसात न्यूमोनिया झाला आणि गळा बदलला. वरचा सूर आला की आवाज फाटायचा.

उपाय सोपा होता. पट्टी उतरवायची, म्हणजे अख्खं पद जरा खालच्या सुरातून सुरू करायचं. पण सदाशिवची पट्टी काळी दोन, पेटीवरची दुसरी काळी, हे मुळगावात त्याच्या गाडीच्या नंबरासारखं सगळ्यांना पाठ. दोडामार्गातून तो खाणीवर डंपर चालवायला आला तेव्हा गावानं त्याला ओळखलं ते त्या आवाजामुळे. खाण बंद पडून डंपर गेला, ते त्यानं सोसलं. हे सोसवलं नसतं.

यंदा ऑर्गनवर सुविधा होती, गावची नवी सून. पेटीवर हात तयार, पण नाटकाला साथ पहिल्यांदाच. तालमीत तिचे प्रश्न संपत नसत.

"काका, नांदी कोण म्हणतं?"

"सगळे. पडद्याआड उभं ऱ्हावन देवाक हाक मारूची. पडदो ओढणारो पण म्हणता."

"मध्येच टाळ्या पडल्या तर थांबू?"

"टाळ्यांक थांबा नको. 'वन्समोर' ओरडले, तर तेच पद परत. नि कोणी काय फेकून मारलां, तर माझ्याआदी तू पळ, बाय."

ती खळखळून हसली. "आणि पट्टी?"

"ती नट विंगेतून बोटांनी दाखवता. एक बोट, काळी एक. बोटां वाडली की सूर चडता. माजी कायम दोन."

"कायम दोनच, तर मग दाखवायची कशाला?"

"गळो रोज सारको नसता म्हणान," सदाशिव म्हणाला आणि आपल्याच दोन बोटांकडे बघत राहिला.

जत्रेच्या संध्याकाळी सातला नांदी झाली. राजाच्या प्रवेशाआधी त्यानं विंगेतून दोन बोटं वर केली. समोर सुविधा पट्ट्यांवर हात ठेवून वाट पाहत होती. त्याच्या कपाळावरून रंगासकट घाम उतरला. मग त्यानं एक बोट मिटलं.

तिनं फक्त मान हलवली. सूर आला.

चढणीला वेळेवर गियर उतरवला की भरलेली गाडीही कुरकुर न करता वर जाते. वरचा सूर तसाच गेला. "वन्समोर!" मांडव ओरडला. दुसऱ्या खेपेला तर त्याला भीतीची आठवणही झाली नाही.

घरी जाताना बायको वत्सला म्हणाली, "पट्टी उतरवल्यात ना?"

त्यानं मागेपुढे पाहिलं. "कळलां सगळ्यांक?"

"पट्टी माका सोडून कोणाक कळता! पण घसो बसलो हा, ता गावाक दोन म्हयने ठावक. तुमी बसच्या काचा लावन गायत व्हतात, नि आमी बायका तळयेवर कपडे धुय व्हतो."

"मगे वन्समोर कित्याक ओरडले?"

"बरां गायलात म्हणान."

तो रस्त्यातच थांबून हसायला लागला. "आदी सांगूचा नाय?"

"सांगलां असतां, तर हट्टान तीन बोटां दाखवली असतात."