बाबांचा नीतिपाठ

परळच्या ज्या शाळेत मी सहावीत होते, तिथे माझे वडीलच पाचवी ते सातवीला नीतिपाठ शिकवत. प्रार्थना झाली की पहिला तास त्यांचा. फळ्यावर एक सुभाषित, मग त्या आठवड्याचा गुण: सत्य, सेवा, संयम, वडीलधाऱ्यांचा मान. मुलांनी उठून आपण तसं कुठे वागलो ते सांगायचं. बहुतेक मुलं गिरणी कामगारांची. घरी दहा बाय दहाच्या खोलीत कोण कुणाला संयम शिकवणार, म्हणून बाबा जीव तोडून शिकवत. माझा मोठा भाऊ याच वर्गांतून मॅट्रिकपर्यंत गेला आणि गिरगावात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला.

संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते. त्या दिवशी लालबागकडून गोळीबाराचे आवाज आले आणि संध्याकाळपर्यंत दादा घरी आला नाही. आई दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला मुलाबद्दल एकच विचारत होती, "माझो झील खंय दिसलो काय रे?" शेवटी कुणीतरी सांगत आलं, परळच्या इस्पितळात आहे, पायाला गोळी लागलीय.

बाबांबरोबर मी गेले. व्हरांड्यात जमिनीवर माणसं निजवली होती. दादा भिंतीकडेला होता, डोळे मिटलेले, पोटरीला बांधलेली पट्टी रक्तानं भिजलेली. जवळच एक हवालदार जखमींची नावं लिहून घेत होता. मोर्च्यातल्यांना पट्टी झाली की अटक, हे सगळ्यांना माहीत होतं.

हवालदार आमच्यासारखाच मराठी माणूस. बाबांकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, मुलगा दूध आणायला बाहेर पडला होता ना?"

हवालदारानं पेन्सिल थांबवली होती.

"हो," बाबा म्हणाले. "दूध आणायला."

बाबांच्या तोंडून खोटं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं.

सकाळी आम्ही पेज घेऊन गेलो तेव्हा एक पोलीस अधिकारी खाटांमधून फिरत होता. दादाला आता खाट मिळाली होती, तो शुद्धीवर होता. अधिकाऱ्यानं विचारलं, "तू दूध आणायला गेला होतास?"

"नाही. मोर्च्याला गेलो होतो. दगड नाही मारला. पण गेलो होतो."

"तुझे वडील तर वेगळं सांगतात."

दादानं बाबांकडे पाहिलं. "त्यांना माहीत नव्हतं," तो म्हणाला.

बाबांनी हात जोडले. "साहेब, पोरगा तापात बडबडतोय. त्याचं काही धरू नका."

"मला ताप नाही, बाबा."

बाबा त्या माणसाच्या मागे दारापर्यंत गेले, हात तसेच जोडलेले. जिन्यावर त्याची बाही धरली. त्यानं सोडवून घेतली. दुपारी जखम ओली असतानाच दादाला गाडीत घालून नेलं.

तुरुंगात जखम चिघळली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला, हे आम्हाला कापल्यानंतर कळलं.

शाळा सुरूच होती. निम्मे बाक रिकामे असायचे. बाबा फळ्यावर सुभाषित लिहीत, मुलं म्हणत, आणि पुढे काय करायचं ते बाबांना आठवत नसे. खडू हातात धरून ते उभे राहत. एकदा एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, या आठवड्याचा गुण कोणता?" ते म्हणाले, "बस खाली." त्यांनी मुख्याध्यापकांकडे अंकगणित मागितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्याशिवाय नीतिपाठ कोण घेणार? तपासनीस यायचे आहेत." वर्ष संपेपर्यंत त्यांना तो तास घ्यावाच लागला.

भेटीची परवानगी मिळाली तेव्हा बाबा एकटेच गेले. परत आल्यावर टोपी न काढता बसून राहिले. आईनं पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"मी विचारलं त्याला, का बोललास म्हणून," ते म्हणाले. "म्हणतो, दुसरं काही सुचलंच नाही, बाबा."

आईनं पाण्याचं भांडं उचलून ठेवलं. मग म्हणाली, "तेका सुचतला कसा? तुमी शिकवलास काय कधी?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बाबांना सोसलं असतं.

दादा सुटून आला, कुबड्या घेऊन. छापखान्यात उभं राहून खिळे जुळवणं आता शक्य नव्हतं, मालकानं त्याला मुद्रितं तपासायला बसवलं. बाबांना पुढे अंकगणित मिळालं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच शिकवलं. घरात दोघं एकमेकांशी बोलत, हवापाण्याचं, भाजीचं, छापखान्याचं. त्या सकाळबद्दल कधीच नाही.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत पणत्या लागल्या. पोरं दादाला खांद्यावर घ्यायला वर आली. तो नको म्हणाला, कुबड्या माझ्याकडे दिल्या आणि जिन्यावर बसून एकेक पायरी उतरू लागला. बाबा वरच्या कठड्याशी उभे होते. मी म्हटलं, "चला ना." त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले.