सतरा नंबरची बाटली

भाग्यश्री साळवे चिडली की बोलत नाही, बाटल्यांवर नंबर टाकत बसते. त्या वर्षी तिने इतके नंबर टाकले की फ्रीजरमध्ये बिननावाची एक बाटली उरली नाही.

पाषाणकडच्या एका संशोधन संस्थेत ती बावीस वर्षं पॉलिमर बनवते आहे. तिच्यासमोर आलेली पोरं डॉक्टर होऊन परदेशी गेली, ही एमएस्सीवर तांत्रिक साहाय्यक म्हणून लागली ती तिथेच राहिली. त्या प्रयोगशाळेत पीएचडी झालेल्या बाईला मॅडम म्हणतात आणि बाकीच्यांना ताई. भाग्यश्री अर्थातच ताई. पण बावीस वर्षांत तिच्या हातून एकही बाटली चुकीच्या नावाने गेलेली नाही, हे तिच्यावर खार खाणारेही कबूल करतात. मार्करसुद्धा ती स्वतःचा आणते. संस्थेच्या मार्करचं अक्षर स्पिरिटचं बोट लागताच पुसलं जातं, तिचं जात नाही.

काम सांगायला सोपं आहे. स्नायूंच्या काही आजारांत शरीराला एखादं प्रथिन बनवता येत नाही. ते बनवायची कृती, म्हणजे जीन, स्नायूच्या पेशीत पोचवायचा. नुसता टोचला तर बहुतेक वाटेतच वाया जातो, म्हणून त्याला उचलून नेणारं पॉलिमर लागतं. ते भाग्यश्री बनवते, प्रत्येक नव्या प्रकाराला एक नंबर. चाचणीला काजव्याचा जीन वापरतात. पोचला तर पेशी उजळतात, नाही पोचला तर अंधार.

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. शुभंकर, वय एकोणचाळीस. त्यांचा नियम एकच, आधी प्लेटमधल्या पेशी आणि मग उंदीर. प्लेट उजळली नाही तर पॉलिमर बाद. चार नंबरचं पॉलिमर धन विद्युतभाराने खच्चून भरलेलं होतं, ते प्लेटमध्ये झगझगलं. सतरा नंबरवर भार जवळजवळ नव्हताच. प्लेट काळीकुट्ट राहिली, आणि सरांनी रजिस्टरात 'बाद' लिहून सही ठोकली.

मीटिंगमध्ये भाग्यश्री म्हणाली, "सर, प्लेटमध्ये पेशी उघड्यावर बसलेल्या असतात. स्नायूत पेशींच्या आधी तंतूंचं जाळं लागतं. चार नंबर भारामुळे त्या जाळ्यालाच चिकटून बसेल. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. ते म्हणतात, पोतं धरता कोणालाही येतं, सोडता आलं पाहिजे."

"ताई," सर म्हणाले, "मार्केट यार्डातलं विज्ञान मार्केट यार्डातच राहू दे."

सगळे हसले. पीएचडी करणारी मैत्री तेवढी वहीत बघत राहिली. भाग्यश्री उठली आणि जाऊन बाटल्यांवर नंबर टाकू लागली.

पुढे उंदरांवरची चाचणी आली. चार नंबरचा मोठेपणा उठून दिसायला शेजारी एक निकामी पॉलिमर ठेवायचं होतं. "सतरा टाका," सरच म्हणाले, "त्याने काहीच होत नाही हे सिद्ध झालंय." चाचणीच्या कागदावर सहीही त्यांचीच. मैत्रीने उंदरांच्या मागच्या पायांत इंजेक्शनं दिली. आठवड्याने कॅमेऱ्याखाली बघितलं, तर चार नंबरचे पाय मिणमिणते आणि सतरा नंबरचे लखलखीत.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, अरे, आपलं काहीतरी चुकलं. सर म्हणाले, "ताईंनी बाटल्या बदलल्या."

"उरलेलं पॉलिमर मशीनवर लावून बघा, सर, कुठल्या बाटलीत काय आहे ते कळेल. अर्ध्या तासाचं काम आहे."

सरांना त्या अर्ध्या तासाची सवड नव्हती. पत्र टाइप करायला मात्र होती. 'आपण निष्काळजीपणाने बाटल्या बदलल्यामुळे चाचणी वाया गेली, लेखी खुलासा द्यावा.' एक प्रत थेट भाग्यश्रीच्या सेवापुस्तिकेत लागली. बावीस वर्षांची अब्रू चार ओळींत धुऊन काढली माणसाने, तीही बाटलीकडे न बघता. याला विद्वान म्हणायचं!

घरी तिने वडिलांना पत्र वाचून दाखवलं. तात्याराव ऐंशीला टेकलेत, पण ऐकू चांगलं येतं.

"तू बदलल्यास का बाटल्या?"

"नाही, अण्णा."

"मंग रडतीस कशाला?"

"रडत नाहीये. चिडलेय."

"मंग बरं हाय," तात्याराव म्हणाले आणि त्यांनी जेवायला ताट ओढलं.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीने खुलासा दिला, एका वाक्याचा: 'मी बाटल्या बदललेल्या नाहीत.' मैत्रीने कोणाला न विचारता दोन्ही बाटल्या मशीनवर लावल्या. चारमध्ये चार होतं आणि सतरामध्ये सतरा. सर म्हणाले, मग सिरिंजमध्ये अदलाबदल झाली असेल. त्यावर भाग्यश्री सरळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"पुन्हा करा. बाटल्या तुम्ही भरा, नंबर तुम्ही टाका, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात. मी त्या खोलीत पाऊलही टाकणार नाही."

नवे उंदीर मिळायला समितीची परवानगी लागते. त्यात अडीच महिने गेले. तेवढे दिवस चहाच्या टेबलाशी ती आली की गप्पा थांबायच्या. अडीच महिन्यांनी सरांच्या हाताने भरलेलं, सरांच्या कुलपातलं सतरा नंबर पुन्हा लखलखलं. सरांनी तिला बोलावलं नाही, दोन शब्द नाहीत, पत्राचं तर नावच नाही. निकाल तिला मैत्रीकडून कळला.

महिन्याभराने पाहुणे आले, दिल्लीचे दोघे आणि एक परदेशी बाई. हॉल भरला. सरांनी पडद्यावर उंदरांचे उजळलेले पाय दाखवले आणि मान तिरकी करून म्हणाले, "मला एक उपमा फार आवडते. धरणं सोपं असतं. चांगला हमाल तो, ज्याला सोडता येतं."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. शेवटच्या रांगेतली भाग्यश्री उभी राहिली.

"सर, हे वाक्य तात्याराव साळव्यांचं आहे. मार्केट यार्ड, हमाली बेचाळीस वर्षं. आपण मला ते मार्केट यार्डातच ठेवायला सांगितलं होतं. आणि मी बाटल्या बदलल्या असं आपलं पत्र अजून माझ्या सेवापुस्तिकेत आहे. ते खोटं आहे की हा पडदा खोटा आहे, तेवढं पाहुण्यांसमोर सांगा."

परदेशी बाईने शेजारच्याला विचारलं, काय म्हणाली. शेजारच्याने सगळं सांगितलं.

"ताई, शोधनिबंधात तुमचं नाव घालतोय ना मी," सर हळू आवाजात म्हणाले. "आणि ते पत्र काढून टाकू."

"काढू नका. काढलेलं कोणाला दिसत नाही." ती पत्राची प्रत घेऊन पुढे आली आणि तिने ती त्यांच्यासमोर ठेवली. "नाव नंतर घाला. आधी याच्याखाली लिहा, चूक माझी होती. ऑफिसातल्या प्रतीवर उद्या लिहा, मी घेऊन येईन."

सरांनी पाहुण्यांकडे बघितलं. पाहुणे त्यांच्याकडेच बघत होते. मग ते खिसे चाचपू लागले. पेन सापडेना. भाग्यश्रीने आपला मार्कर टोपण काढून पुढे केला.

"हा घ्या," ती म्हणाली. "याचं पुसलं जात नाही."