पाटीच्या आधी वास

नवं दुकान शोधायला पायलटना डोळे लागत नसत. रविवारी पहाटे चांदणी चौकातून निघालो की भूगावच्या आसपास ते अचानक डावा हात वर करत आणि मागचे आम्ही आठ-नऊ जण ब्रेक दाबत. "कुठंतरी खोबरं भाजतायत," ते म्हणत. मग बिल्डरच्या निळ्या पत्र्यांमागे, दोन गल्ल्या आत, खरोखरच एखादी बाई विकायच्या करंज्यांचं सारण परतत बसलेली असे. "गाडीत बसलं की पाटी दिसते. सायकलवर वास आधी येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते सांगून झालं की सायकल स्टँडला लावत आणि सरळ आत जाऊन काय मिळेल ते विचारत.

सगळ्यांत पुढे असायचे म्हणून ग्रुपने त्यांना पायलट हे नाव ठेवलं होतं. वय सहासष्ट, अंगाने सडसडीत. घोटावड्याकडच्या एका इसेन्सच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. सरबताच्या बाटलीतला आंबा खरा वाटतो की नाही, हे सांगण्याचा त्यांना पगार मिळत असे. निवृत्तीनंतर नाक रिकामं पडलं, म्हणून सायकल घेतली, असं ते सांगत.

माझं कारण इतकं गमतीचं नव्हतं. बावधनला माझं औषधांचं दुकान आहे. नवरा गेल्यानंतर वर्षभर मी दुकान आणि घर एवढंच केलं. साखर वाढली तेव्हा सायकल घेतली आणि या ग्रुपात आले. नव्या माणसाला कुणी फार प्रश्न विचारत नसे, ते मला बरं वाटलं. पहिल्याच रविवारी पायलटनी माझं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि हवा कमी आहे म्हणाले. ओळख म्हणून तेवढी पुरली.

त्यांचे नियम होते. फोनवर शोधून जायचं नाही. एका ठिकाणी लागोपाठ दोनदा जायचं नाही. आणि कॉफीचा पहिला घोट गप्प प्यायचा. त्यांचं मत येईपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि तोंडही वेडंवाकडं करायचं नाही, कारण एकाचा चेहरा पाहून दुसऱ्याची चव बिघडते असा कारखान्यातला अनुभव. तिथं म्हणे सगळे भिंतीकडे तोंड करून चाखत. आम्ही हा नियम इतका पाळला की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, नऊ जण कुणाच्या तरी दहाव्याला बसलेत.

त्यांचं मत मात्र ऐकण्यासारखं असे. कुंड्या टांगलेल्या एका नव्या कॅफेत फेसावर पान काढलेली कॉफी आली. पायलट म्हणाले, "पान सुरेख काढलंय. कॉफी घालायची राहिली." दुसरीकडे केकवाल्याला त्यांनी दालचिनी मागच्या वर्षीची आहे असं सांगितलं. तो आधी चिडला, मग डबा काढून तारीख बघायला लागला.

कुसुमताईंची टपरी हा त्यांचा सगळ्यांत मोठा शोध. पिरंगुटच्या पुढे त्यांच्या कुटुंबाची जमीन बरीचशी विकली गेली होती. रस्त्यालगतचा कोपरा राहिला होता, तिथे त्यांनी पत्रा टाकून चहा सुरू केला. घरातली एक खोली भाड्याने दिली होती. तिथल्या तमिळ मुलीने जाताना आपला पितळी फिल्टर ठेवून दिला आणि कॉफी कशी गाळायची ते शिकवलं. घरच्या म्हशीचं दूध आणि सोबत आंबेमोहराच्या तांदळाचे घावन. पायलटनी त्या वासावर उतारावरची सायकल थांबवली होती. पहिल्या घोटानंतर मत न देता त्यांनी सबंध कप संपवला. मग म्हणाले, "ताई, पाटी लावा." कुसुमताईंनी पाटी लावली. पुढे दर दोन-तीन रविवारांनी आम्ही जात राहिलो. काही बदल केला, नवी पूड आणली, की त्या पायलटना विचारूनच तो कायम करत. ग्रुपमधून ऐकून इतर सायकलवालेही येऊ लागले. गिऱ्हाईक पायलटच्या शब्दावर येतं, हे कुसुमताईंना पक्कं माहीत होतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पायलटना ताप आला. आठवडाभराने ते परत सायकलवर आले, पण मला काही गोष्टी दिसायला लागल्या. ते पाट्या वाचत होते. हात वर करायचे तो बोर्ड दिसल्यावर. मत विचारलं की "उत्तम" म्हणत. दालचिनीही उत्तम, जळका पावही उत्तम. माझ्या दुकानातून त्यांनी तीनदा नाकात मारायचा फवारा नेला, मग झिंकच्या गोळ्या. मी काही विचारलं नाही. गिऱ्हाईक काय नेतं त्यावर बोलायचं नाही, हा माझा नियम आहे. आता वाटतं, एकदा नियम मोडला असता तरी दुकान बंद पडलं नसतं.

डिसेंबर संपता संपता एका रविवारी कुसुमताईंकडे गेलो. कप हातात आले. पहिला घोट घेतला आणि मला कळलं, दूध लागलंय. थोडंथोडकं नाही, भांडं घासायला राख लागेल इतकं. सगळ्यांनाच कळलं असणार. पण नियम म्हणजे नियम. नऊ कोरे चेहरे समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. पायलटनी आमच्यावरून नजर फिरवली. त्यांना काहीच सापडलं नाही. आम्हाला त्यांनीच तसं शिकवलं होतं.

"उत्तम," ते म्हणाले.

मग आमच्यातल्या एकाने छान म्हटलं, दुसऱ्याने वा म्हटलं. कुसुमताई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"दूध लागलंय," त्या पायलटना म्हणाल्या. "मला चुलीपाशी कळतंय आन् तुमाला तोंडात घिऊन कळंना? दुसरं दूध यायचं हाय, जरा थांबा, आसं सांगायला आले तर तुमी आधीच उत्तम. गरीब बाई म्हणून गोड बोलताय का? मला न्हाई चालायचं तसलं. तुमच्या शब्दावर मी मानसांना प्याया देती."

पायलटनी कप खाली ठेवला. हेल्मेटचा पट्टा सोडला, परत लावला.

"ताई, मला वास येत नाही," ते म्हणाले. "सात महिने झाले. चव पण गेली. गरम आहे, एवढं कळतं."

कुसुमताईंनी पातेलं उचललं, सगळी कॉफी पपईच्या बुडाशी ओतली आणि आत गेल्या. मला वाटलं, आता उठा म्हणतात. त्या दुसरं पातेलं घेऊन आल्या.

"मग तसं म्हनायचं की वो," त्या म्हणाल्या. "बसा. आता मला खरं कोन सांगनार?"

पायलटनी माझ्याकडे बोट केलं. "या सांगतील. यांना गोड बोलता येत नाही."

सगळे हसले. मीही हसले असेन.

निघताना पायलटनी आम्हाला एकच गोष्ट सांगितली. हे घरी कळता कामा नये. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, सगळा दिवस स्वयंपाकात जातो. नवरा जेवताना काय म्हणतो, याच्यावर त्यांचा दुसरा दिवस उगवतो. "तिला कळलं तर ती मऊ भात करून वाढेल आणि स्वतः तेच खाईल," ते म्हणाले. आम्ही कबूल केलं.

त्यानंतर पायलट रांगेत शेवटी चालवू लागले आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या शेजारी बसू लागले. "सांगा," ते म्हणत. मी सांगे, कडू आहे. ते विचारत, कशासारखी कडू, मेथी, कारलं की करपलेली पोळी? मला माहीत नसे. माझी जीभ शाबूत होती, पण नवरा गेल्यापासून मी काय खाल्लं ते विचाराल तर आठवणार नाही. ते म्हणत, घाई नाही, परत प्या. मी परत प्यायचे. घोटावड्याला एका घरी भाजलेल्या नाचणीची बिस्किटं खाऊन मी म्हणाले, उन्हात ठेवलेल्या सतरंजीसारखी आहेत. ते डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "आली." मला ते पटलं नाही, पण मी वाद घातला नाही. कुसुमताईंना मात्र मी दर वेळी जे असेल ते सांगत गेले. त्याही ऐकत गेल्या.

हे पाच महिने चाललं. मे महिन्यात एका मंगळवारी दुपारी पायलट घरीच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय. मी ग्रुपवर दोन ओळींचा निरोप टाकला, स्मशानाची वेळ कळवली, जाऊन आले आणि संध्याकाळी दुकान उघडलं. रडू आलं नाही. पुढचे दोन रविवार मी सायकल काढली नाही. पावसाळ्याची औषधं मागवायची होती.

तेरावं झाल्यावर काकूंनी जेवायला बोलावलं. मी एकटीच होते. त्यांनी पान वाढलं आणि समोर बसल्या. बोलणं पायलटचंच चाललं होतं. शेवटच्या दिवशीसुद्धा जेवण झाल्यावर म्हणाले, आमटी एकदम जमलीय. एवढ्या वर्षांत एकदा खोटं बोलले नाहीत, वाईट झालं की वाईटच म्हणायचे, पण गेल्या वर्षात माझा हात बसला होता बहुतेक, रोज जमत होतं. असं त्या सांगत होत्या.

मी आमटी भाताबरोबर खाल्ली. मीठ घालायचंच राहिलं होतं. चिंचही जास्त झाली होती, कोकमाच्या सालीत दात रुतावा तशी. हे शब्द मला लगेच सुचले, कुणी विचारायच्या आधी.

"तुला खरं सांगायची सवय आहे, असं हे म्हणायचे," काकू म्हणाल्या. "जमलीय का गं?"

"जमलीय," मी म्हणाले आणि वाटी पुढे केली.