शून्यावर न येणारा काटा

माझे भावजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, विजेची जुनी मीटर दुरुस्त करतात आणि त्यांचं मोलही सांगतात. गल्लीत त्यांना 'काटेवाले' म्हणतात. माणूस सरळ, पण हल्ली कुरकुर फार. "दमलो रे," हे मास्कआडून येता-जाता चालूच. ऐकून ऐकून माझेच कान किटले.

या हिवाळ्यात येणाऱ्या प्रत्येक मीटरचं दुखणं एकच. तारा सोडवल्या तरी काटा शून्यावर यायचा नाही.

"स्प्रिंगा थकल्यात, माझ्यासारख्या," म्हणत भावजी कारखान्याने मोहोर म्हणून लावलेली जुनी लाख फोडून मीटर उघडायचे. लाख फुटली की जुन्या वस्तूंच्या शौकिनांच्या लेखी मीटरचं अर्धं मोल जातं.

परवा एक म्हातारी बाई मीटर घेऊन आल्या. त्यांचे यजमान मीटरच्या कारखान्यात होते. लाखेवर त्यांच्याच अंगठ्याचा ठसा.

"तेवढा राहिला तर बघा," बाई म्हणाल्या.

भावजींनी कोरड्या फडक्याने काच खसाखसा पुसली, मग वाकून नेहमीसारखं 'हाऽ' केलं. काटा शून्याच्या वरच. त्यांनी सुरी उचलली. बाईंनी तोंड फिरवलं. माझं डोकंच सणकलं.

"भावजी, आज राहू द्या ना!"

"उद्या काय मी तरणाताठा होणार आहे?"

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. काचेवर तिला डाग दिसला. दिसला डाग की तिला राहवत नाही. तिने वाकून तोंडाची वाफ दिली आणि काटा अलगद शून्यावर आला.

भावजींनी सुरी खाली ठेवली आणि तोंडावरचा मास्क ओढून काढला. कोरड्या फडक्याने घासलं की काचेवर वीज साठते, ती काट्याला ओढून धरते. वाफ दिली की सोडते. हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक. पण तारा जोडायच्या डाकाच्या, म्हणजे सोल्डरच्या, धुराने खोकला लागला म्हणून डॉक्टरांनी हिवाळ्याच्या तोंडी मास्क दिला होता, आणि वाफ त्यातच अडत होती.

"म्हणजे इतके दिवस मास्कलाच दम देत होतात!" ताई खो खो हसली. बाईही डोळे पुसत हसल्या आणि मीटर पदराखाली धरून गेल्या.

भावजी हसले नाहीत.

"अगं, स्प्रिंग एकाचीही थकली नव्हती," ते म्हणाले. "सगळी धडधाकट होती. मी फोडली."

ताईने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तसाच सुरीशेजारी ठेवला.