ओव्हाळ बाईंनी अंगावर घेतलेली चूक

वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका ओव्हाळ बाईंना मी पहिल्यांदा भेटलो तो भाजे गावाच्या वरच्या माळावर, ऐन एप्रिलात. उन्हाने जीव नकोसा झाला होता. बाई म्हणाल्या, "पावसानंतर मावळातला दगडसुद्धा हिरवा दिसतो. झाडं मोजायची तर आत्ताच." मी मान डोलावली. डोक्यात मात्र काही शिरलं नव्हतं.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्यांच्या संशोधनाबद्दल या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. मला गेल्या वर्षाचं सांगायचं आहे. लोणावळ्याजवळच्या एका गावच्या देवराईचं सर्वेक्षण बाईंनी माझ्यावर, त्यांच्या मदतनिसावर, सोपवलं होतं. मी आळस केला. उन्हाळ्याची वाट न पाहता ऑक्टोबरची उपग्रहचित्रं घेतली. हल्ली पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो. तुटलेल्या झाडांच्या जागी घाणेरीची झुडपं आणि गवत माजलेलं. चित्रात सगळं हिरवंगार! 'वृक्षांचे आच्छादन वाढले आहे' असं मी बिनदिक्कत लिहिलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे बाईंच्या डोळ्यावर पट्टी होती. अहवाल मीच वाचून दाखवला, चित्रांचा महिना वाचलाच नाही. बाईंनी विश्वासाने सही केली. झाडं वाढलीच आहेत, थोडी तुटली तर काय बिघडलं, असं म्हणत त्याच वाक्याच्या जोरावर देवराईतून बंगल्यांसाठी रस्ता काढायचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला.

सभेच्या आधी मी बाईंना सगळं सांगितलं. सभेत त्या उभ्या राहिल्या. "या अहवालावर माझी सही आहे, आणि तो चुकीचा आहे."

पुढच्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी कडाडले, "बाई, तुमीच लिवलं आन तुमीच खोडताय? आता तुमचं कुटलं खरं धरायचं?"

मी उठू लागलो. बाईंनी माझं मनगट असं दाबलं की मी खाली बसलो. "माझं काहीच धरू नका, आबा. एप्रिलात तुम्हीच मोजा." निर्णय मोजणीपर्यंत पुढे गेला.

देवराईत पायताण घालून जायचं नाही, हा गावचा रिवाज. बाई बौद्ध घरातल्या, नवस-सायास मानत नाहीत; तरी एप्रिलात मोजणीच्या दिवशी चपला बाहेर काढून तापल्या दगडांवरून चालल्या. एक झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून आबा प्रत्येक खोडाला गेरूचा ठिपका लावत होते. दुपार झाली तरी गेरू निम्माही संपला नव्हता. आबांनी घाणेरी बाजूला सारून जमीन पाहिली. "जुनी झाडं हायेत थोडी. पर रोपं कुटं हायेत, बाई? एक बी न्हाई."

"तेच लिहायचं राहिलं होतं," बाई म्हणाल्या.

परतताना त्यांच्या तळव्यांना फोड आले होते. मी पुन्हा म्हणालो, चूक माझी होती हे गावाला सांगतो. बाई म्हणाल्या, "तुला अजून नोकरी मिळवायची आहे. माझं काय जायचंय?" गेलं मात्र पुष्कळ. दोन समित्यांनी त्यांना वगळलं. 'बाईंचं वय झालं, त्यांची नवी मोजणी कशाला मानायची,' अशी कुजबुज गावात मुद्दाम पसरवली जात आहे, आणि येत्या ग्रामसभेत रस्त्याचा निर्णय आहे.

म्हणून हा लेख बाईंना न दाखवता दिला आहे. चूक माझी होती, एकट्याची. सभेतही मी हेच सांगणार आहे. बाई चिडतील, खुशाल चिडोत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि माझं ओझं वाहण्यात त्यातला आणखी एक दिवसही न जावो.