सुखरामभाऊंची तिसरी घंटा

पडदा वर जातो तेव्हा जबलपूरच्या रांझी भागातली एक खोली दिसते. उजवीकडे लोखंडी पलंग. डावीकडे फळीवर बुद्धाची मूर्ती आणि तिच्या शेजारी इंदूबाईंचा हार घातलेला फोटो. मधोमध जमिनीवर एक मोठी बॅग उघडी पडली आहे, आणि तिच्यात, घड्या घातलेल्या कपड्यांवर, अडीच वर्षांची दीक्षा राणीसारखी बसली आहे. दुपारचे दोन वाजलेत. पलंगाशी सत्तरीचे सुखरामभाऊ उभे आहेत, हातात पितळी घंटा.

टण्!

"पहिली घंटा! सर्व कलाकारांनी तयार व्हावं!"

दीक्षा बॅगेतून उतरून पलंगावर चढली.

टण्!

"दुसरी घंटा! आपापल्या जागा घ्या!"

तिनं उशीवर डोकं टेकलं. मग काहीच होईना. सुखरामभाऊ घंटा धरून दाराकडे बघत राहिले.

"तिसरी दो ना, आबा!"

"थांब माय. लोकं येऊन राहिले."

बऱ्याच वेळानं तिसरी घंटा झाली. त्यांनी खिडकीचा पडदा सरकन ओढला, आणि पोरीनं खरोखरच डोळे मिटले.

दारात उभी असलेली सून एकता हळूच म्हणाली, "बाबा, ही सवय तुम्ही लावली हो. आता परक्या देशात कसं करायचं?"

"तिथंही लोक झोपतातच ना बाई?"

ही घंटा मराठी मंडळाच्या नाटकांची. सुखरामभाऊंचे वडील भंडाऱ्याहून इथल्या सरकारी कारखान्यात कामाला आले. पुढे सुखरामभाऊही तिथंच लागले. दिवसा लेथ मशीन, संध्याकाळी मंडळाचा पडदा. एकतीस वर्षं त्यांनी पडद्याची दोरी ओढली आणि घंटा दिल्या. मात्र तिसरी घंटा कुणाच्या सांगण्यावरून दिली नाही. जवळच्या सिहोरा गावाहून चार-पाच घरं नाटकाला यायची आणि त्यांची बस हमखास उशिरा पोचायची. दिग्दर्शक विष्णुपंत मिशी लावून विंगेत नाचायचे, "अरे सुखराम, दे ना बाबा! नायिकेला घाम फुटून राहिला!" सुखरामभाऊ शांतपणे फटीतून बाहेर बघत. "लोकं येऊन राहिले, पंत." शेवटची म्हातारी खुर्चीत टेकली की मगच घंटा वाजे.

एवढ्या वर्षांत एकही नाटक त्यांनी समोर बसून पाहिलं नाही. विष्णुपंतांनी एकदा त्यांना आग्रहानं पहिल्या रांगेत बसवलं. पडदा कुणा दुसऱ्यानं ओढला, तो मध्येच अडकला, आणि सुखरामभाऊ उठून जे विंगेत गेले ते पुन्हा पुढे आले नाहीत.

त्यांच्या पत्नी इंदूबाई म्हणायच्या, "तुम्ही जन्मभर बाजूनंच पाहिलं. एक गोष्ट तरी समोरून पाहा." त्यांची ती एक गोष्ट ठरलेली होती. श्रीलंकेत अनुराधापूरचा, बुद्धगयेच्या फांदीपासून वाढलेला बोधिवृक्ष. त्यासाठी त्यांनी एक पांढरी साडी वेगळी काढून ठेवली होती. साडी पेटीतच राहिली. आजारपणात, नात व्हायच्या आधी, त्या म्हणाल्या होत्या, "मी काही जात नाही आता. नातवंड झालं तर त्याला मांडीवर घेऊन त्या झाडाखाली बसजा. मी आलीच समजा."

म्हणून ही बॅग. सुखरामभाऊंनी त्याच साडीचा दीक्षासाठी झबल्यासारखा फ्रॉक शिवून घेतला होता. मुलगा ललित एरवी हिशेबी माणूस, पण बापाचा पासपोर्ट काढायला सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीच्या चकरा त्यानंच मारल्या.

चेन्नईपर्यंत रेल्वेनं गेले. विमानात बसल्यावर दीक्षानं हात पुढे केला, "आबा, घंटा!" घंटा ललितनं मोठ्या बॅगेत भरली होती, आणि ती बॅग केव्हाच विमानाच्या पोटात गेली होती. पोरीनं असा गळा काढला की पुढचे-मागचे सगळे वळून पाहू लागले.

"काहून रडून राहिली माय? हे बघ." सुखरामभाऊंनी स्टीलच्या बाटलीवर किल्ली वाजवली. पहिली झाली. दुसरी झाली. तेवढ्यात एक लठ्ठ गृहस्थ धापा टाकत आत शिरले आणि आपली जागा शोधू लागले. किल्ली हवेतच थांबली. दीक्षा हुंदके देत त्या गृहस्थाकडे पाहत राहिली. ते बसले, पट्टा लावला, आणि मगच तिसरी वाजली. पलीकडची एक बाई हसून म्हणाली, "अच्छा है बाबूजी, आप ही उड़ा लो प्लेन!" त्या दिवशी सुखरामभाऊ फार दिवसांनी खळखळून हसले.

श्रीलंकेत तीन दिवस इकडे-तिकडे फिरून झालं. अनुराधापूरला पोचायला संध्याकाळ झाली. झाड मुक्कामापासून पायी दहा मिनिटांवर होतं. ठरलं असं की सकाळी आंघोळ करून, पांढरे कपडे घालून जायचं, कारण दुपारी बाराला कोलंबोची गाडी सांगितलेली होती आणि त्याच संध्याकाळी परतीचं विमान होतं.

पहाटे दीक्षाचं अंग तापलं. डॉक्टर आले. घाबरण्यासारखं काही नाही, पण पोरीला उन्हात, गर्दीत नेऊ नका, झोपू द्या, असं सांगून गेले.

फ्रॉक खुर्चीवर पसरलेला होता. एकता म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि हे जा. मी थांबते. ही तुमचीच यात्रा आहे."

सुखरामभाऊ चप्पल घालून दारापर्यंत गेले. मागून दीक्षा किंचाळली. एकतानं घंटा उचलून वाजवली, तसा रडण्याचा सूर आणखी चढला. "मम्मी नाही! आबा देणार!" रडता रडता तिला उलटी झाली. सुखरामभाऊंनी चप्पल काढली.

"तुम्ही दोघं आधी जाऊन या," ते म्हणाले. "फ्रॉक घेऊन जा, तिथल्या वाळूला टेकवा. तोवर मी हिला निजवतो. मग मी जाईन."

ते दोघे गेले. सुखरामभाऊंनी पहिली दिली, दुसरी दिली. तिसरीच्या आधी कितीतरी वेळ पोरगी त्यांच्या छातीवर कण्हत राहिली. तिसरी त्यांनी अगदी हळू, नखानं वाजवली. तिला झोप लागली तेव्हा त्यांचं बोट तिच्या मुठीत होतं.

गर्दीमुळे ललित-एकताला परतायला उशीर झाला. खाली गाडी येऊन उभी होती. ललित घामाघूम, कुजबुजत म्हणाला, "बाबा, उठा! ड्रायव्हरला अर्धा तास थांबवला आहे. मी रिक्षा आणली आहे, पाच मिनिटांत पोचाल. हिला माझ्याकडे द्या."

सुखरामभाऊंनी बोट सोडवून पाहिलं. दीक्षाच्या ओठांचा धनुष्यासारखा आकार झाला, आता रडणार असा. त्यांनी बोट परत तिच्या मुठीत दिलं.

"राहू दे."

"बाबा, आई काय म्हणाली होती? पुन्हा येणं होणार आहे का आपलं?"

"नाही होणार," सुखरामभाऊ म्हणाले. "पोरगी आत्ताच झोपली आहे. तू कसं होतं ते सांग."

ललित सांगू लागला. सोन्याचा कठडा, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वाऱ्यानं सळसळणारी पानं. एकतानं फ्रॉकची घडी उलगडली, तिच्यात एक पान होतं. आपणहून गळलेलं, एका म्हाताऱ्या बाईनं तिच्या हातात ठेवलेलं. सुखरामभाऊंनी ते मोकळ्या हातात घेतलं, कपाळाला लावलं, आणि मग तो हात डोळ्यांवरून बराच वेळ खाली आला नाही.

जबलपूरला आल्यावर नेपियर टाउनमध्ये विष्णुपंत भेटले. काठी आपटत म्हणाले, "काय रे विंगवाल्या, पाहिलंस ना शेवटी समोरून?"

सुखरामभाऊंनी कठडा सांगितला, माणसं सांगितली, पानांचा आवाजही सांगितला. विष्णुपंत डोळे मिटून ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर सुखरामभाऊ म्हणाले, "पण मी नाही पाहिलं, पंत. नात झोपली होती."

विष्णुपंतांनी काठी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

पान इंदूबाईंच्या फोटोच्या चौकटीत खोचलं गेलं. येता-जाता सुखरामभाऊ तिथं थांबत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलत. एकतानं एकदाच ऐकलं: "रागावू नको. पोरगी हाक मारून राहिली होती."

दिवाळीनंतर त्यांना दम लागू लागला. थंडी वाढली तसं दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी ललितला बाहेर बोलावून सांगायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकता दीक्षाला घेऊन आली. अंगात तोच पांढरा फ्रॉक, आता काखेत काचणारा. हातात घंटा.

सुखरामभाऊंचे डोळे अर्धे मिटलेले होते. दीक्षा स्टुलावर चढली. आबांना झोप येत नाही, एवढंच तिला कळलं.

टण्. "पहिली घंटा!"

नर्स पुढे झाली, पण ललितनं हात जोडले, तशी ती थबकली.

टण्. "दुसरी घंटा! आपल्या जागा घ्या!"

सुखरामभाऊंनी मान किंचित वळवली. दाराकडे पाहिलं. दारात काठी टेकत विष्णुपंत येत होते, आणि त्यांच्यामागे मंडळातली दोन-तीन जुनी माणसं. दीक्षानं घंटा पुन्हा उचलली. सुखरामभाऊंनी तिच्या मनगटावर बोट ठेवलं आणि म्हणाले,

"थांब माय. लोकं येऊन राहिले."