हेतलचं ऊन

मकरपुऱ्यातल्या आमच्या पंपांच्या कंपनीत, डिझाइन विभागात, आम्ही तिघी बायका आणि एक शिर्केसाहेब. साहेब म्हणतात, इथे काम कमी आणि किस्से जास्त. साफ खोटं! काम भरपूर असतं, पण ते लक्षात कोण ठेवतो? किस्से मात्र साठत जातात, आणि त्यातले निम्मे हेतलच्या डोक्याचे आहेत.

हेतल म्हणजे घोरपड्यांची गुजराती सून. कामात वाघीण, पण अर्धशिशी उठली की आडवी. अजून प्रोबेशनवर, त्यात रजा इतक्या झाल्या की साहेबांनी तिला स्पष्टच सांगितलं, "मेपर्यंत असंच चाललं तर कन्फर्म करणं माझ्या हातात नाही." ही नोकरी तिला जिवापाड हवी होती. मला फार वाईट वाटायचं.

*

डोकं दुखायला लागलं की तिला उजेड सोसत नाही. एकदा आम्ही सगळे दिवे बंद करून काम करत बसलो होतो. साहेब दारात आले, "लाइट गेली वाटतं," म्हणाले आणि जनरेटर सुरू करायला लावला. त्या आवाजानं माझंही डोकं उठलं.

*

आमच्यातल्या तिसऱ्या, भावनाबेननी, उपाय सांगितला, सकाळी गरम जलेबी खायची. काही दिवसांनी मी विचारलं, फरक पडला का?

"पडला ने, ताई. कुर्ते तंग होतात."

चौकशी केली तेव्हा कळलं, जलेबीबरोबर रोज फाफडाही चालू होता. "एकटी जलेबी कोण खातं, ताई?" हेतल म्हणाली.

*

स्कूटरवर हेतल ओढणीची बुकानी बांधते, म्हणजे सगळं तोंड गुंडाळून घेते, वर हातमोजे, गॉगल, काही म्हणजे काही दिसत नाही. एकदा फतेगंजच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षात तिची स्वतःची सासू. हिनं "जय श्रीकृष्ण" केलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "जय श्रीकृष्ण, बेन. तमे कोण?"

*

शेवटी त्याच सासूबाईंनी तिला आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, तर व्हिटॅमिन डी अगदी तळाला! बाई म्हणाल्या, डोकं यामुळेच दुखतं असं ठामपणे सांगता येत नाही, पण कमी आहे ते भरून काढू, काहींना बरं वाटतं. गोळ्या दिल्या आणि अस्सल मराठीत सांगितलं, "रोज सकाळी थोडा वेळ ऊन घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी हेतल ऑफिसात आली ती हिरव्या लोकरीचे गुंडे आणि दोन सुया घेऊन. गुजरातीत ऊन म्हणजे लोकर!

"मन शांत करायला सांगितलं असेल," ती गंभीरपणे म्हणाली. "मला गूंथता येत नाही, ताई. शिकवाल?"

मी हसू कसंबसं दाबलं. "शिकवते की. पण गच्चीवर बसायचं, बाह्या वर करून."

तेव्हापासून सकाळचा चहा गच्चीवर. गोळ्यांचा गुण म्हणा, उन्हाचा म्हणा, नाहीतर लोकरीचा, डोकं अजून दुखतं, पण क्वचित. रजा कमी होत गेल्या आणि विणकाम लांबत गेलं.

मे महिन्यात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, आम्ही दोघी कान देऊन बसलो. बाहेर डांबर वितळत होतं आणि साहेबांच्या गळ्यात जाडजूड हिरवा मफलर.

"हेतलबेन, तुम्ही कन्फर्म," साहेब घाम पुसत म्हणाले. "आता हा काढू का?"